डीडीरेस्क्यू : हट्टी सेक्टर शेवटी

माझं काम आवाजाचं. लोकांच्या लांबलचक मुलाखती ऐकायच्या, खोकले-खाकरे काढायचे, दोन वाक्यांमधली पोकळी नीट करायची. त्यामुळे हार्ड डिस्क आजारी पडल्याचं मला आधी पडद्यावर दिसलं नाही, कानांवर आलं. हेडफोन काढून ठेवला होता आणि लॅपटॉपमधून ‘टक्... टक्... टक्...’ असा बारीक, अगदी सारख्या अंतराने येणारा आवाज येत होता. कुणीतरी दार वाजवतंय, पण जरा भिडस्त आहे, असा. एका वेव्ह फाइलवर टिचकी मारली की हा आवाज सुरू व्हायचा, सगळा कॉम्प्युटर अर्धा मिनिट गोठायचा, आणि मग ‘फाइल वाचता येत नाही’ असा संदेश.

त्यानंतरच्या चार दिवसांत ज्या साधनाने माझ्या अकरा वर्षांच्या मूळ ध्वनिफिती बाहेर काढून दिल्या, त्याचं हे परीक्षण. नाव डीडीरेस्क्यू. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातलं, फुकट, आंतोनियो दियास दियास नावाच्या प्रोग्रामरने २००४ पासून एकहाती जोपासलेलं. दिसायला अगदीच रुक्ष : काळी खिडकी, आठ-दहा ओळी आकडे. बटण नाही, चित्र नाही. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी मी काय चुका केल्या ते सांगते, कारण बहुतेक जण त्याच करतात. पहिली चूक : ती फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. ‘आता तरी उघडेल’ या आशेवर सात-आठ वेळा. दुसरी चूक भाच्याला फोन केला ही. तो म्हणाला, “मावशी, अगं चेकडिस्क चालव ना. स्लॅश आर द्यायचं, बॅड सेक्टर दुरुस्त करतं ते.” मी म्हटलं, “दुरुस्त म्हणजे नक्की काय करतं रे?” तर थोडा वेळ शांतता, आणि मग, “म्हणजे... दुरुस्त करतं.” भाचा गुणी आहे, पण ह्या एका उत्तराने मला थांबवलं हे खरं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या डिस्कवर मी स्वतःच हा उद्योग केला होता आणि हाती आलं होतं ते ‘फाउंड.०००’ नावाचं फोल्डर. आत शेकडो ‘.सीएचके’ फाइली, एकीलाही नाव नाही, गाव नाही.

चेकडिस्क हे विंडोजचंच साधन, त्याचा यात दोष नाही. त्याचं काम फाइल सिस्टमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली आहे या नोंदींचा, हिशेब जुळवणं. फोल्डरची नोंद जिथे लिहिलेली आहे तोच सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर ते ती नोंद बिघडलेली समजतं, त्यातल्या फाइली अनाथ ठरवतं, आणि हा निकाल त्याच आजारी डिस्कवर लिहून मोकळं होतं. शिवाय ‘आर’ दिलं की ते सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसतं. निरोगी डिस्कवर एखादा सेक्टर गेला असेल आणि बॅकअप हाताशी असेल, तर खुशाल चालवा. पण एकुलती एक प्रत त्या डिस्कवर असताना नको. घर पडायला आलंय आणि आपण आत जाऊन भिंतींना रंग देतोय, असला तो प्रकार.

तिसरी चूक पैशांची. ‘बॅड सेक्टर पुनरुज्जीवित करतो’ असं सांगणारा एक विकतचा प्रोग्राम मी मागे घेऊन ठेवला होता. नाव घेत नाही. त्यात हिरवे चौकोन उमटतात आणि ‘दुरुस्त’ अशी संख्या वाढत जाते, बघायला फार बरं वाटतं. नशिबाने त्या दिवशी तो सुरूच झाला नाही.

हिरवे चौकोन म्हणजे काय, ते समजायला बॅड सेक्टर म्हणजे काय हे कळावं लागतं. डिस्कच्या तबकडीवर माहिती छोट्या ठरावीक तुकड्यांत, म्हणजेच सेक्टरांत, लिहिलेली असते. पूर्वी एक तुकडा ५१२ बाइटचा असे. २०११ च्या सुमारास कंपन्या ४०९६ बाइटच्या तुकड्याकडे वळल्या, पण बाहेरच्या जगाला बहुतेक डिस्क अजूनही ५१२ चेच तुकडे असल्याचं भासवतात. प्रत्येक तुकड्यासोबत चूक ओळखण्या-सुधारण्यासाठी जादा माहिती असते. थोडं काही बिघडलं तर डिस्क त्यावरून खरा मजकूर काढते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बिघाड त्यापलीकडे गेला की ती पुन्हा वाचते, परत वाचते, तबकडीवर फिरणारं वाचायचं डोकं किंचित सरकवून वाचते. तेच ते टक् टक्. आणि अखेर हात वर करते.

आता गंमत अशी की न वाचता येणारा सेक्टर डिस्क लगेच बदलत नाही. तिच्याकडे राखीव सेक्टर असतात, पण जुन्या जागी काय लिहिलं होतं हेच माहीत नसताना नव्या जागी काय ठेवणार? म्हणून ती त्याला ‘प्रलंबित’ यादीत टाकते आणि वाट बघते. पुढे त्या जागी कुणी काही लिहिलं की तपासते : जागा ठीक असेल तर तिथेच ठेवते, नाहीतर राखीव जागा देते. म्हणजे ‘दुरुस्ती’ होते ती लिहिल्यामुळे, आणि लिहिलं की जुना मजकूर कायमचा गेला. हिरव्या चौकोनांमागे जादा काही नाही. सेक्टर बरा होतो, त्यातली फाइल नाही.

जाता जाता : सदोष जागा असणं हा डिस्कला लागलेला बट्टा नव्हे. प्रत्येक डिस्क कारखान्यातून निघतानाच काही सदोष जागांची यादी पोटात घेऊन निघते. फार जुन्या डिस्कच्या झाकणावर तर ती यादी छापलेली कागदी पट्टीच असायची, आणि ती हाताने कॉम्प्युटरमध्ये भरावी लागे. काळजी करायची ती यादी नव्याने वाढायला लागली की.

ती वाढतेय का हे बघायला स्मार्टसीटीएल नावाचं साधन आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती ते दाखवतं. त्यात वीस-पंचवीस ओळी असतात आणि बऱ्याचशा घाबरवणाऱ्या, पण मी चारच बघते. क्रमांक ५ म्हणजे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे प्रलंबित, १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना वाचता न आलेले, आणि १९९. हा शेवटचा आकडा वाढत असेल तर दोष बऱ्याचदा डिस्कचा नसतो, केबलचा असतो. चार दिवस घालवण्याआधी केबल बदलून बघा. माझ्याकडे १९९ शून्यावर होता, १९७ मात्र ५६. आठच्या पटीत, कारण ४०९६ चा एक तुकडा गेला की ५१२ चे आठ मोजले जातात. म्हणजे खरे गेलेले सात.

आणि या सगळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं? ‘एकूण आरोग्य चाचणी : उत्तीर्ण’. या ओळीवर कधीही विसंबू नका. गूगलमधल्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. उलट, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये त्या अभ्यासात ठळक मानलेल्या चार खुणांपैकी एकही नव्हती. थोडक्यात, खूण दिसली तर पळा. दिसली नाही तर निश्चिंत राहा असं मात्र नाही.

मी पळायचं ठरवलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी कार्यप्रणाली) पेनड्राइव्हवर घेतली. तीत डीडीरेस्क्यू आणि स्मार्टसीटीएल आयतेच मिळतात. लॅपटॉपमधली १ टीबीची डिस्क काढून थेट साटा केबलने जोडली. यूएसबी डबीतून जोडता येते, पण चूक आली की काही डब्या स्वतःच गोंधळतात आणि डिस्क मध्येच गायब होते. प्रत उतरवायला रिकामी २ टीबीची डिस्क.

इथून खरं परीक्षण.

डीडीरेस्क्यूचं सगळं शहाणपण एका गोष्टीत आहे : त्याला सोडून पुढे जाता येतं. साधी कॉपी एका खराब जागेवर अडकते आणि तिथेच डोकं आपटत बसते. ‘डीडी’ ही जुनी लिनक्स कमांड पहिल्या चुकीलाच थांबते. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत ६४ केबीचे घास घेत जातं. एखादा घास नीट आला नाही की त्याची नोंद करतं आणि पुढे उडी मारतं, पुन्हा चूक आली तर आणखी मोठी उडी. शेवटाला पोचलं की उलट दिशेने परत येतं, सुटलेल्या पट्ट्यांमध्ये दुसऱ्या बाजूने शिरतं. अशा कॉपीच्या पाच फेऱ्या. मग ‘ट्रिमिंग’ : अडलेल्या घासाच्या दोन्ही कडांकडून एकेक सेक्टर वाचत आत यायचं, खराब सेक्टर लागेपर्यंत. मग ‘स्क्रेपिंग’ : मधला उरलेला भाग एकेक सेक्टर करून खरवडायचा. आणि तुम्ही सांगितलं असेल तरच शेवटी, खराब ठरलेल्यांना पुन्हा पुन्हा विचारणं.

हा क्रम इतका महत्त्वाचा का? मरायला टेकलेल्या डिस्कपाशी किती तास उरलेत हे कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक अडलेला सेक्टर वाचताना ती तेच टक् टक् करते, तापते, आणखी झिजते. तिच्या उरलेल्या आयुष्याचे पहिले तास ९९ टक्के चांगल्या माहितीवर खर्च व्हायला हवेत, सात हट्टी सेक्टरांवर नव्हे. मी ती फाइल सात-आठ वेळा उघडून बघितली तेव्हा नेमकं उलटं करत होते.

म्हणून पहिल्या खेपेला ‘-एन’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे खरवडण्याचा टप्पा ते करतच नाही. मी रात्री साडेनऊला सुरू केलं. सुरुवातीला वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास होता, पुढे तो खाली येत गेला. तो बिघाड नव्हे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त सेक्टर मावतात, आतल्या बाजूला कमी. साधारण पाच तासांनी ९९.६ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण १ टीबीतले ०.४ टक्के म्हणजे ४ जीबी. त्यात माझ्या सहा-सात मुलाखती सहज बसतात.

दुसरी फार मोठी गोष्ट म्हणजे मॅप फाइल. जुन्या आवृत्त्यांत हिला लॉग फाइल म्हणत. काय वाचलं, काय राहिलं याचा हा हिशेब, साध्या मजकुरात. अधिकचं चिन्ह म्हणजे मिळालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, तारका म्हणजे कडा तपासायच्या राहिल्यात, तिरकी रेघ म्हणजे खरवडायचं राहिलंय, आणि वजाबाकीचं चिन्ह म्हणजे खराब. पाच चिन्हांत सगळी डिस्क. या फाइलमुळे कधीही थांबता येतं. कंट्रोल-सी दाबा, डिस्क थंड होऊ द्या, उद्या तीच कमांड पुन्हा द्या. जिथे सोडलं तिथून पुढे, आधी मिळालेल्याला पुन्हा हात न लावता.

आणि इथेच मी माती खाल्ली. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये तुमचं घरचं फोल्डर खरं तर रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटर बंद होताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, असतं. मी मॅप फाइल तिथेच ठेवली होती. पहाटे, अर्धवट झोपेत, कॉम्प्युटर बंद केला. प्रत २ टीबीच्या डिस्कवर सुखरूप होती, पण हिशेबाची वही हवेत विरली. आता कुठला भाग मिळालाय आणि कुठला रिकामा, हे कळणार कसं? पुन्हा पहिल्यापासून वाचायचं म्हणजे त्या आजारी डिस्कला आणखी पाच तास पळवायचं.

मॅन्युअल वाचायला घेतलं. (ते वाचण्याजोगं आहे. कोरडं आहे, पण कोड्यात बोलत नाही.) त्यात ‘जनरेट’ मोड सापडला : हरवलेल्या मॅप फाइलच्या जागी, उतरलेल्या प्रतीकडे बघून अंदाजाने नवी बनवायची. प्रतीत जिथे नुसती शून्यं आहेत तिथे ‘अजून हात लावलेला नाही’ असं धरायचं, बाकी ‘मिळालं’. अंदाजच, कारण मुळातही शून्यं असू शकतात, त्यामुळे थोडं पुन्हा वाचलं जातं. पण आजारी डिस्कचं पाच तासांचं काम वीस मिनिटांवर आलं. अशा वेंधळेपणाचा आधीच विचार करून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. तुम्ही मात्र मॅप फाइल पेनड्राइव्हवरच्या लिनक्सच्या भरवशावर न सोडता, प्रतीच्याच शेजारी ठेवा.

मग ट्रिमिंग, मग ‘-एन’ काढून खरवडणं. सोबत ‘-डी’ द्यायचं, म्हणजे ते लिनक्सच्या मधल्या साठवणुकीला वळसा घालून डिस्कशी थेट बोलतं. नाहीतर एका खराब सेक्टरपायी त्याच्या शेजारच्या चांगल्यांचंही वाचन फसल्याचं दिसतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे. एकेका सेक्टरपाशी डिस्क कित्येक सेकंद अडून बसते. काही डिस्कना ‘सात सेकंदांत जमलं तर बघ, नाहीतर सोड’ असं स्मार्टसीटीएलमधून बजावता येतं, पण माझ्या डिस्कने ती सोय नसल्याचं सांगितलं. ‘उरलेला वेळ’ म्हणून पडद्यावर येणारा आकडा तर निव्वळ करमणूक : दोन तास, मग एकोणीस दिवस, मग चाळीस मिनिटं. त्याकडे बघू नका. ‘शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं’ ही ओळ बघा, ती खरं बोलते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६१ सेक्टर उरले. (मघाशी सात होते, आठवतंय? डिस्कला जे माहीत असतं तेच ती सांगते. वाचायला जाईपर्यंत तिलाही बाकीचे ठाऊक नव्हते.) तीन वेळा पुन्हा विचारायला लावलं, मग उलट दिशेने आणखी तीन वेळा. उलटीकडून आल्यावर काही सेक्टर खरंच सुटले. तिसऱ्या दिवशी ४२ वर गाडी थांबली ती थांबलीच. ४२ गुणिले ४०९६ म्हणजे १,७२,०३२ बाइट. १ टीबीमधून १७२ केबी गेले.

आवाजाच्या माणसाला हे लगेच मिलिसेकंदात दिसतं. माझ्या फाइली ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. सेकंदाला १,९२,००० बाइट, म्हणजे एक सेक्टर साधारण २१ मिलिसेकंदांचा. ‘त’ म्हणायला जीभ दातांना लावून सोडावी, तेवढ्यात संपणारा वेळ. ४२ चे ४२ सेक्टर आवाजातले असते तरी सेकंदापेक्षा कमीच गेलं असतं.

पण ते कुठल्या फाइलींत आहेत? डीडीरेस्क्यूला फाइल म्हणजे काय हे माहीतच नाही. त्याला दिसतात फक्त सेक्टर, आणि इथेच सामान्य माणूस हात टेकतो. मात्र त्यात ‘फिल’ मोड आहे, ज्याने प्रतीमधल्या फक्त खराब ठरलेल्या जागा आपल्याला हव्या त्या मजकुराने भरता येतात. आपण एखादा शब्द निवडायचा, तो भरायचा, आणि मग प्रत फक्त वाचण्यासाठी माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. जिथे सापडेल ती फाइल जखमी. मी भरला ‘खराबसेक्टर’. हा उद्योग प्रतीच्या प्रतीवर करावा, हे सांगायला नको.

शोधात निघालं असं : २३ सेक्टर मोकळ्या जागेत किंवा पुसलेल्या फाइलींत, म्हणजे त्यांचं दुःख नाही. १६ सेक्टर पाच मुलाखतींमध्ये. आणि ३ एका झिप फाइलमध्ये. उत्सुकतेने एक जखमी मुलाखत तशीच ऐकली. ‘खराबसेक्टर’ हा शब्द १६ बिट आवाज म्हणून वाजला तर कसा ऐकू येतो? ‘टर्र्!’ असा, कानाला चावणारा. मूळ प्रतीत त्या जागी नुसती शून्यं असल्याने तिथे फक्त एक बारीक खंड पडतो. तीन ठिकाणी तो श्वासाच्या जागी पडला होता, माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. एका ठिकाणी सलग अकरा सेक्टर गेले होते, म्हणजे पाव सेकंदाच्या जवळपास, आणि ते नेमके एका आजोबांच्या ‘तेव्हा आम्ही’ या शब्दांवर. त्यांनी तेच शब्द चाळीसेक वेळा म्हटले होते म्हणून दुसरीकडून उचलून बसवले. संपादकाला हे करणं शोभतं का, हा वेगळा वाद. मूळ फाइलला हात लावलेला नाही.

झिप मात्र गेली. आवाज दिलदार असतो, एवढ्या तेवढ्याने रुसत नाही. आवळून बांधलेली फाइल तशी नसते : मधले चार हजार बाइट गेले की आतल्या ज्या फाइलवर घाव बसला तिचं तिथून पुढचं सगळं अडतं. त्यातल्या आधीच्या काही फाइली सुटल्या, जिथे घाव होता ती नाही. जेपीईजी छायाचित्रांचंही असंच, एका रेघेपासून खाली सगळं करडं किंवा भलत्याच रंगाचं. त्या दिवसापासून जुनं काम झिप करून ‘नीट ठेवायची’ माझी सवय गेली.

आता कापलेला अर्धा तारा. नावाचा घोळ हे त्याचं पहिलं कारण. मधे अधोरेखा असलेलं ‘डीडी_रेस्क्यू’ हे कुर्ट गार्लोफ यांचं वेगळंच साधन आहे. त्यामुळे डेबियन या लिनक्समध्ये आपल्याला हव्या असलेल्या पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आणि कमांडचं नाव ‘डीडीरेस्क्यू’. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता हे कळणं अपेक्षित आहे! दुसरं, कोणती डिस्क कुठून कुठे हे तुम्हीच टाइप करायचं असतं, आणि लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए-एसडीबी अशी नावं चालू-बंद केल्यावर अदलाबदल होऊ शकतात. उलटं टाइप केलंत तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. ‘-एफ’ दिल्याशिवाय ते थेट डिस्कवर लिहायला नकार देतं, एवढी एक कडी आहे. मी प्रत फाइलमध्येच घेते, म्हणजे ‘-एफ’ची वेळच येत नाही, आणि आधी डिस्कचा सिरियल नंबर झाकणावरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवते. तिसरं, मॅप फाइलचं चित्र बघायचं तर ‘डीडीरेस्क्यूव्ह्यू’ हे निराळं साधन घ्यावं लागतं. चित्र छान येतं, पण ते आतच असतं तर?

आणि एक मर्यादा जी त्याचा दोष नाही. आवाज टक् टक् असा हलका नसून खरखर किंवा खणखण असा येत असेल, किंवा डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर हे साधन नको. तिथे बहुधा डोकं किंवा तबकडी गेलेली असते आणि प्रत्येक मिनिट आणखी ओरखडे पाडतं. डिस्क बंद करा आणि धूळमुक्त खोलीत ती उघडू शकणाऱ्यांकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजूनही कुणीतरी देतंच. थंड धातूवर ओल धरते, आणि डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. विचार करा.

सगळं उतरवून, दोन ठिकाणी ठेवून झाल्यावर त्या जुन्या डिस्कवर मी ‘बॅडब्लॉक्स’ची लिहून तपासणारी चाचणी चालवली, निव्वळ कुतूहलाने. ही सगळी डिस्क चार वेळा चार वेगवेगळ्या नमुन्यांनी भरते आणि दर वेळी वाचून ताडून बघते. दोन दिवस गेले. शेवटी १९७ शून्यावर, म्हणजे प्रलंबित कुणीच नाही. क्रमांक ५ वर ३१२. डिस्क एकदम शहाण्यासारखी वागायला लागली, टक् टक् बंद. भाचा म्हणाला, “बघ, झाली ना दुरुस्त! मला दे, गेम टाकतो.”

तीन आठवडे तिच्यावर नको असलेल्या फाइली ठेवून बघितल्या. सोळाव्या दिवशी १९७ वर ८ आले, विसाव्या दिवशी ४०. तिच्यावर आता कागदी पट्टी चिकटवली आहे, ‘भाच्याला देऊ नये’. त्याने ती वाचली, आणि विचारलं, “पण मावशी, गेमच तर आहेत, गेले तर गेले?” यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. डिस्क त्याच्याकडे आहे.